चाळीस पावलं

ओहोटी सकाळी सहा दहाची.
विल्फ गार्बट त्याआधीच रेडकारच्या वाळूत उभा,
कानांवर हेडफोन, हातात लांब दांड्याचं यंत्र,
कमरेला सुताराची जुनी पिशवी,
तिच्या एका कप्प्यात सापडलेलं, दुसऱ्यात सँडविच.

समुद्रात पवनचक्क्या आळसावलेल्या.
मागे, जिथं भट्टी होती,
तिथं आता नुसतं आकाश.
एकतीस वर्षं तो पोलाद ऐकत आला:
वितळताना कसं गुरगुरतं, निवताना कसं कुरकुरतं,
आणि तडा जायचा असेल
तर आदल्या क्षणी कसं गप्प होतं.

आता तो बारीकसारीक आवाज ऐकतो.
खिळा खरखरतो.
जुनी पेनी उंच सुरात बोलते.
चांदी तर लांबूनच हाक मारते.
सोन्याचंच काय ते अवघड:
सोनं आणि बिअरच्या डब्याची कडी
एकाच आवाजात बोलतात.
कानाला कसोटीचा दगड लागत नाही.
म्हणून प्रत्येक कडीपुढं गुडघे टेकायचे
सोन्यापुढं टेकावेत तसे.
"चर्चमध्येसुद्धा इतका वाकलो नाही,"
असं तो म्हणतो, खोऱ्याला.

सातला नॅट्रस नवरा-बायको आले.
अंगठी हेलेनाची.
"पाण्यातून बाहेर आल्यावर बोटं गारठली होती,
टॉवेलनं पुसताना घसरली असणार,
इथंच, बोटींच्या उतारापाशी," कॉलिन म्हणाला.
"टॉवेलनं पुसताना घसरली असणार,
इथंच, बोटींच्या उतारापाशी," हेलेना म्हणाली.
शब्दाला शब्द.
विल्फनं मान हलवली आणि हेडफोन चढवले.

तिच्या बोटावर एक पांढरा वळ होता,
उन्हानं अकरा वर्षं न पाहिलेला.
मराठीत त्या बोटाला अनामिका म्हणतात.
बाकी चौघांना नावं आहेत,
हिच्या वाट्याला तेवढं नाव नसणं आलं.

उतारापाशी काही नव्हतं.
म्हणजे नऊ कड्या, एक तंबूची खुंटी,
एक खेळण्यातली मोटार, चाकांसकट.
कॉलिन हातांनीच वाळू उपसत होता,
कुत्र्यासारखी, मागे उडवत.
हेलेना दोन पेले चहा घेऊन उभी होती
आणि दोन्ही तीच पीत होती.

घसरलेली अंगठी पायाशी पडते.
पाण्यात पडली तर जागच्या जागी खाली रुतते,
सोनं लाटेबरोबर फिरायला जात नाही.
हे विल्फला ठाऊक.
आणि हेही ठाऊक, की एखादी अंगठी
हात मागे नेऊन, खांद्यातून,
सगळं बळ लावून सुटली
तर साधारण कुठवर जाते.

तो काही न बोलता वळला.
समुद्राकडे पाठ केली. पावलं मोजली.
चाळिसाव्या पावलाला, भिंतीखालच्या कोरड्या वाळूत
यंत्रानं तोंड उघडलं.
कडी असेल, तो स्वतःशी म्हणाला, नेहमीप्रमाणे,
आणि गुडघे टेकले.

कडी नव्हती.

तिघंही त्या जागेकडे बघत राहिले.
भिंतीवर एक सीगल सगळ्यांकडे एका डोळ्यानं.
तिथवर पाणी येऊन वर्ष होऊन गेलं होतं,
वाळूत कुणाची तरी कोरडी सिगारेटची थोटकं होती.

"भरतीनं आणली," विल्फ म्हणाला.

"भरतीनं," कॉलिन म्हणाला.
हेलेनानं अंगठी घेतली,
बोटात घातली नाही, तोंडात घातली,
वाळू थुंकली,
आणि मग हसायला लागली.
इतकी, की कॉलिननं तिच्या हातातले पेले काढून घेतले
आणि त्यालाही, आधी नाइलाजानं,
हसावं लागलं.

पैसे विल्फ घेत नाही.
आइस्क्रीमचं दुकान उघडायला अजून दोन तास होते,
तरी कॉलिन त्याला एक लेमन टॉप कबूल करून गेला.

विल्फ वही काढतो.
सव्वीस वर्षांच्या नोंदी, तारीख, ओहोटी, खोली,
कुठं सापडलं ते फुटाफुटांनी.
आत एकही खाडाखोड नाही.
पेन्सिल जिभेला लावतो,
लिहितो: सोनं. एक. चार इंच.
जागा: बोटींच्या उतारापाशी.